बुर्गाबाईला पाऊस दिसतो

१ फेब्रुवारी, रविवार
सुनेनं टेलिफोनला परत टोपडं घातलं. लोकरीचं, जांभळं, वर गोंडा. घंटी कानात घुसते म्हणे. फोन माझ्या खोलीत, माझ्या खिडकीत, घंटी माझ्या कानाशी. हिचे कान खाली स्वयंपाकघरात, आणि दुखतात ते हिचे. टोपडं काढून मांजराला घातलं. मांजरानं ओरबाडलं. म्हणजे त्यालाही ते पसंत नाही.

ही डायरी औषधाच्या दुकानात फुकट मिळाली. प्रत्येक पानाखाली पोट साफ होण्याच्या गोळ्यांची जाहिरात. असो. शाळा मी लवकर सोडली, पण लिहिता येतं. या घरात मी बोललेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही, तेव्हा लिहून ठेवलेलं बरं.

पहिलं हे लिहून ठेवते. हा फोन साधा नाही, थेलनच्या मोटार शर्यतीच्या टीमचा आहे. मे महिन्यात रिंगवर, म्हणजे आमच्या गावाला वेढून गेलेल्या ट्रॅकवर, चोवीस तासांची शर्यत लागली की थेलन डोंगरापलीकडून, गाड्यांचे टायर बदलतात त्या पिटमधून फोन करतो. बुर्गाबाई, खिडकीतून काय दिसतंय? पाऊस दिसला तर पाऊस म्हणते, नाही दिसला तर नाही म्हणते. त्यावर टीमचे टायर ठरतात, पावसाचे की कोरड्याचे, आणि टायरवर शर्यत. आमच्या आयफेलच्या डोंगरांत ट्रॅकच्या एका टोकाला ऊन असतं तेव्हा दुसऱ्या टोकाला गारा पडतात, म्हणून खिडकी लागते. गावात दुसऱ्या कुणाच्या खिडकीला हा मान नाही. शेजारच्या एर्नाच्या खिडकीतून फक्त एर्नाचाच उकिरडा दिसतो.

संकल्प: या वर्षी सुनेशी भांडायचं नाही.

२ फेब्रुवारी
भांडले. टोपडं परत घातलं होतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
कार्निव्हल. आज बायकांचं राज्य. कात्री घेऊन निघायचं, दिसेल त्या पुरुषाचा टाय कापायचा आणि भरपाई म्हणून गालाची पापी घ्यायची. बाकीच्या बायका टायचं टोक कापतात. मी मुळापासून कापते.

थेलन गुत्त्यात आला होता, पिवळा टाय लावून. मी सगळ्यांच्या पुढे घुसले. टायबरोबर शर्टाचं बटणही आलं. पापी घेतली. त्यानं गाल पुसला. उकडत होतं आत.

विचारलं, यंदा फोन येईल ना? म्हणाला, बुर्गाबाई, रडार आमची कितीदा फसवणूक करतं, तुम्ही इतक्या वर्षांत एकदासुद्धा नाही केलीत. तुमच्या शब्दावर आम्ही डोळे मिटून टायर लावतो. त्याच्या मेकॅनिक पोरांनी तोंडं बिअरच्या ग्लासात घातली. खांदे हलत होते त्यांचे. आजकालच्या पुरुषांना लगेच गहिवरून येतं.

गेल्या वर्षी एक गोष्ट मला खटकली होती तीही विचारून घेतली. मी धो धो पाऊस सांगितला आणि यांनी कोरड्याचे टायर ठेवले, ते कसं? म्हणाला, दुसऱ्या टीमा कान लावून बसलेल्या असतात, त्यांना चकवायला लागतं. आणि त्या दिवशी पाऊस आलाच नाही, म्हणून फावलं. धूर्त माणूस. नशीबही जोरावर.

२२ फेब्रुवारी, रविवार
जेवायला भाजलेला बटाट्याचा केक, बरोबर सफरचंदाची चटणी. बटाटा कच्चा होता. तो मी गिळत असतानाच सुनेनं विषय काढला. मुद्दाम. तोंडात बटाटा असताना माणूस ओरडू शकत नाही.

तर आमच्या सूनबाई रोसवीताबाईंनी माझी खोली भाड्यानं द्यायचं ठरवलंय. जूनपासून टायर कंपनीची माणसं उन्हाळाभर ट्रॅकवर गाड्या पळवायला येणार, त्यांना वरची खोली हवी. मी खाली मागच्या खोलीत जायचं. आई, तुमचा गुडघा, आई, जिना, आई, तिथून संडास जवळ. संडास जवळ असणं हे ही बाई सुख म्हणून सांगते.

मागच्या खोलीत सध्या डीप फ्रीजर आहे. खिडकी एर्नाच्या उकिरड्याकडे.

मुलाकडे पाहिलं. हायनर ट्रॅकच्या कडेचं गवत कापायच्या कामावर आहे, दिवसभर मशीन चालवतो, घरी आला की मशीनच बंद. म्हणाला, आई, बघ की. एवढंच. काय बघू ते नाही सांगितलं.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते नातीचं. फ्रांका रविवारची जेवायला आली होती. थेलनच्या टीममध्ये टायरचं काम बघते, वर्कशॉपच्या माडीवर टीमच्याच खोलीत राहते. ती म्हणाली, आजी, खालची खोली उबदार आहे गं. माझ्या वशिल्यानं कामाला लागलेली पोर. तिनं त्या विषयाचं शिक्षण वगैरे घेतलंय, परीक्षेत पहिली वगैरे आली होती, पण थेलनला शब्द कुणी टाकला? मी टाकला. लागल्यावर टाकला, पण टाकला.

ठरलं. थेलनलाच घरी बोलवायचं. त्यानं येऊन सांगायचं की ही खिडकी गेली तर टीम गेली. सून खुर्चीवरून पडेल. पडू दे, तिच्या बुडाला भरपूर गादी आहे.

७ मार्च, शनिवार
केक घेऊन थेलनच्या वर्कशॉपवर गेले. माझा दोन रंगांचा केक. वळणावर उभे राहणारे झेंडेवाले मार्शल लोक आहेत, त्यांना गावातली घरं पाळीपाळीनं केक देतात. माझी पाळी असली की ते आधीच सांगतात, आज आम्ही जेवून आलोय. भिडस्त आहेत.

थेलन नव्हता. फ्रांका म्हणाली, बाहेर गेलेत. एका गाडीखालून त्याचे बूट बाहेर आले होते, पिवळ्या नाड्यांचे. बूट ठेवून गेला असेल.

केक फ्रांकाकडे दिला, निरोप दिला, निघाले. फाटकाशी छत्री राहिल्याचं आठवलं म्हणून परत वळले, तर माझा केक ट्रेलरच्या चाकाखाली. उतार आहे तिथे, दगड सापडला नसेल. ट्रेलर इंचभर हलला नव्हता. एर्नाचा केक असता तर केव्हाच चिरडला असता.

५ एप्रिल, ईस्टर
फ्रांका आली. थेलनचा निरोप नाही. त्याला वेळ नाही म्हणे. माझ्यासाठी टीमची टोपी पाठवलीय. टोपी मला बसत नाही. टोपडं बसवणारीनं लगेच ती फोनवर बसवून बघितली.

फ्रांकानं मोबाइलमधलं रडार दाखवलं. हिरवे निळे डाग सरकतात. मी म्हटलं, हे पावसाचं आहे की तुझ्या तोंडावरच्या पुटकुळ्यांचं? हसली नाही. तोंड उतरलं होतं. यंदा टायरचा शेवटचा शब्द तिचा, थेलननं तसं सांगितलंय. गाडी वरच्या नंबरात आली तर ती टायरची मुख्य. नाही आली तर थेलन दुसरी संधी देणारा माणूस नाही. काम जाईल, आणि कामाबरोबर माडीवरची खोलीही. मग कुठे जाशील, सून म्हणाली. फ्रांका म्हणाली, मग काय, घरी, मागच्या खोलीत.

मी अंडं सोलत होते. हात थांबला.

मागच्या खोलीत फ्रांका असेल तर मागच्या खोलीत मी असू शकत नाही. एका खोलीत एक फ्रीजर आणि दोन बायका मावत नाहीत. म्हणजे मी वर.

नुसता विचार आला. विचाराला काही दंड नाही. पोरीला अंडं दिलं. मोठं होतं ते.

१८ एप्रिल, शनिवार
सराव आहे ट्रॅकवर. सकाळी दरीवर काळं झालं, गुडघाही ठणकला. भिंतीवरून एर्नाला ओरडून सांगितलं, कपडे भिजतील गं बाई तुझे. तिनं आणखी दोन चादरी आणून दोरीवर घातल्या. हट्टी. कपडे वाळले. हट्टी माणसांना देवही घाबरतो.

दुपारी दरी स्वच्छ. खालच्या वळणावरच्या मार्शलना मीच जाऊन सांगितलं, आज कोरडं राहणार. त्यांनी लगेच रेनकोट चढवले. आणि तास झाला नसेल तोच घराच्या मागच्या बाजूनं पाऊस आला, सगळे झेंडे चिंब. मागून येणाऱ्या पावसाला मी जबाबदार नाही. माझी खिडकी पुढे आहे. पण यांनी रेनकोट आधीच कसे घातले? माझा नवरा योसेफ तिथेच झेंडेवाला होता, जन्मभर पिवळा झेंडा हलवला. तोसुद्धा मी ऊन म्हटलं की छत्री घेऊन निघायचा. मार्शल लोकांची ती सवयच असते.

१४ मे, गुरुवार
गाव भरलं. आमच्या कुरणात तंबू, बिअरचे क्रेट, बांबूच्या मचाणावर सोफा, सोफ्यावर उघडबंब पुरुष. त्यातल्या एकाला मी दुर्बिणीतून नीट पाहिलं. योसेफची दुर्बीण. अजून चांगली आहे. पुरुष नव्हता.

संध्याकाळी फ्रांका धावत येऊन गेली. बसलीसुद्धा नाही. माझा हात धरला आणि म्हणाली, आजी, फोन आला की नेहमीसारखं सांग. जे दिसेल ते. तू विचार करू नकोस हं. फक्त दिसेल ते सांग.

विचार करू नकोस.

पोरीचं नाक मी पुसलं, गोवर आला तेव्हा उशाशी मी बसले. म्हणजे सून बसली, पण सुनेला उठवायला मी जागी होते. आणि आता मला सांगते, विचार करू नकोस. मी मांजर आहे का?

करीन म्हटलं. विचारच करीन.

सुनेनं माझे हिवाळ्याचे कपडे खाली नेऊन फ्रीजरवर ठेवले. न विचारता.

१६ मे, शनिवार
शर्यत सुरू झाली. घराची तावदानं थरथरतात, कपाटातल्या कपबशा बोलतात.

पहिला फोन. थेलन. दरी स्वच्छ होती, सांगितलं, कोरडं. यांनी पावसाचे टायर लावले. थोड्या वेळानं मागून पाऊस आला, बाकीच्या गाड्या बर्फावरच्या कोंबड्यांसारख्या घसरायला लागल्या आणि यांची पुढे गेली. नशीब.

दुसरा फोन दिवेलागणीला. दरीवर ढग होते, सांगितलं, पाऊस. यांनी कोरड्याचे ठेवले. पाऊस आला नाही. परत नशीब.

रेडिओवर फ्रांकाचं नाव घेतलं. गाडी चौथी, टायरचा खेळ ही तरुण मुलगी फार सुंदर खेळते आहे म्हणे. सून कांदा कापता कापता रडली. कांदा एकच होता, रडणं पुष्कळ. हायनर म्हणाला, बघ की.

माझं नाव नाही घेतलं रेडिओवर.

१७ मे, रविवार, सकाळ
चर्चमधली मिस्सा चुकवली. देवाला कारण माहीत आहे.

गाडी तिसरी. तिसरा नंबर म्हणजे चषक, शँपेन, थेलन सगळ्यांच्या गळ्यात पडणार. फ्रांका मुख्य होणार. माडीवरची खोली तिला कायमची. आणि जूनच्या एक तारखेला मी फ्रीजरशेजारी.

फोन वाजला. थेलन नव्हता, फ्रांका होती. लहानपणी विहिरीत भूत आहे का विचारायची तसा आवाज. आजी, काय दिसतंय?

दरी काळीकुट्ट होती. पलीकडच्या चॅपेलच्या छपरावर पावसाच्या सरी दुर्बिणीशिवाय दिसत होत्या. गुडघ्यात कुणी खिळा ठोकत होतं.

म्हटलं, ऊन आहे पोरी. लख्ख. ढगाचा तुकडा नाही.

म्हणाली, नक्की? तुला दिसतंय तसंच ना हे?

म्हटलं, या डोळ्यांनी.

बरं, म्हणाली, आणि ठेवला.

कारणं लिहून ठेवते. एक, पुरुषांच्या घोळक्यात तेलाग्रीसात काम करून पोरीचे हात ढोराच्या खुरांसारखे झालेत. दोन, घरी येईल, वेळेवर जेवेल. तीन, मला विचार करू नकोस म्हणाली. आणखी कारणं होती, पण गाड्यांचा आवाज फार आहे.

१७ मे, दुपार
यांनी पावसाचे टायर लावले. मी ऊन सांगितलं आणि लावले पावसाचे. आणि गंमत बघा, पाऊस आलाच नाही. सगळा दरीतच पडला, ट्रॅकवर ऊन. मी थाप मारली आणि थाप खरी निघाली. याला काय म्हणायचं? अंगातच आहे माझ्या ते.

पावसाचे टायर उन्हात लोण्यासारखे गेले. गाडी माझ्या खिडकीखालच्या वळणावर आली तेव्हा चिंध्या उडत होत्या. शेपूट हलवली, फिरली, गेली कठड्यात. ड्रायव्हर बाहेर आला, गाडीला लाथ मारली, लंगडत गेला. म्हणजे बरा होता. मार्शलनी पिवळे झेंडे हलवले. योसेफपेक्षा बरे हलवतात.

शर्यत संपली त्यांची.

मला एकच कळत नाही. मी ऊन सांगितलं, ऊन होतं. ऐकलं का नाही पोरीनं? डोळे मिटून ऐकतात ना माझं?

१८ मे, सोमवार
फ्रांका आली. एक बॅग, एक कुंडी. थेलननं काल संध्याकाळीच काढलं, सगळ्यांसमोर. डोळे सुजून बटाट्यासारखे. सुनेनं सूप केलं. हायनर सगळं गवत कापून झालेलं असताना परत कापायला गेला.

मी मोठ्या मनानं म्हटलं, पोरी, मी सांगितलं होतं तुला ऊन आहे म्हणून.

फ्रांका हसली. ते हसू मला आवडलं नाही.

मग तिनं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते. म्हणाली, आजी, तू पाऊस म्हणालीस की आम्ही कोरडे टायर लावतो, आणि ऊन म्हणालीस की पावसाचे. पहिल्या वर्षापासून. तुझी खिडकी भलत्याच दरीकडे आहे. त्या दरीतला पाऊस डोंगर ओलांडून ट्रॅकवर येत नाही, येतो तो घरामागून, तिकडे तुझं लक्षच नसतं. तुझं नेमकं उलटं होतं. कायम. अख्ख्या पिटला माहीत आहे. रडार कधी बरोबर, कधी चूक, त्याचा भरवसा नाही. तू कधीच बरोबर नसतेस, म्हणून तुझा भरवसा. आणि इतक्या वर्षांत एकदाच तुझं बरोबर आलं, आजी. माझ्या दिवशी.

म्हटलं, हे थेलनच्या डोक्यात कुणी घातलं?

आजोबांनी, म्हणाली. गुत्त्यात, बिअर पिता पिता. माझी बायको हवामानात कधी बरोबर आली तर मी झेंडा गिळीन, असं म्हणाले होते.

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. या आठवड्यात थडग्यावर फुलं नाहीत.

सुनेकडे वळले. विचारलं, तुला माहीत होतं? पळी धुता धुता म्हणाली, आई, कपडे आम्ही तुम्हाला विचारूनच वाळत घालतो की. एर्नापण.

दरीत काल मला काय दिसलं होतं ते मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. दिसलं तेच सांगितलं असतं तर यांनी कोरडे टायर लावले असते आणि

सूप गार झालं. बटाटे आणखी वाढले. पोरीच्या ताटात.

२४ मे, रविवार
टायर कंपनीच्या माणसांना सुनेनं नाही म्हणून कळवलं. हुश्श.

वरच्या खोलीत फ्रांका राहणार. पोरीला उजेड हवा, सून म्हणाली, रात्रंदिवस रडते, तिला काय फ्रीजरशेजारी ठेवायची? मी म्हटलं, मग मला ठेवायची? सून म्हणाली, आई, तुम्ही कुठे रडता.

पलंग हायनरनं खाली आणला. जाताना म्हणाला, आई, बघ की. बघते. एर्नाचा उकिरडा बघते. एर्ना त्यावर टोपलीभर कचरा टाकते तेव्हा मला हात करते.

फ्रीजर रात्रभर घरघरतो. योसेफसारखाच, पण याला लाथ मारता येते.

४ जून, गुरुवार
गावातून सणाची मिरवणूक गेली, फादर छत्रीखाली, छत्री उन्हासाठी. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

घरी आले तर फ्रांका माझ्या पलंगावर. गोड. फुलं आणली होती, योसेफला नव्हे, मला. थेलनचा फोन आला होता. शनिवारी छोटी शर्यत आहे. रडार परवाही फसलं म्हणे त्याचं, आणि म्हातारी सोडून दुसरं पक्कं काही हाताशी नाही. फ्रांका म्हणाली, शनिवारी तुझा शब्द आधीसारखा आला तर मला परत घेणार आहे, आजी.

आधीसारखा म्हणजे चुकीचा, मी म्हटलं.

खरा, म्हणाली. तुला खरंच वाटेल तो. मग हळू आवाजात म्हणाली, तुझी वरची खोली तुला. आईशी बोलले मी. फोनही तुझा.

हायनरनं फोनला लांब वायर लावून तो मागच्या खोलीत आणून ठेवला. सुनेनं स्वतःच्या हातानं टोपडं काढलं. काढताना हसली नाही, एवढं खरं.

संकल्प: शनिवारी विचार करायचा नाही.

५ जून, शुक्रवार
दिवसभर विचार न करण्याची सवय केली. बटाटे सोलताना विचार नाही केला. बोट कापलं.

जेवताना सुनेनं सहज विचारलं, आई, उद्या कसं वाटतंय? तोंडापर्यंत पाऊस आला. मग मनात आलं, मी पाऊस म्हटलं तर ऊन. म्हणजे ऊन म्हणायला हवं. पण ऊन म्हणायचं ठरवून म्हटलं तर ते मला वाटलेलं नाही, मला वाटलेला पाऊस. मग पावसाचं उलटं ऊन, की ठरवलेल्या उन्हाचं उलटं पाऊस? गुडघ्याला विचारलं. गुडघा गप्प. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

म्हटलं, मीठ दे.

६ जून, शनिवार, सकाळ
आभाळ आहे. रंग सांगता येत नाही.

एर्ना धुण्याची टोपली कमरेवर घेऊन भिंतीपलीकडे उभी आहे. मघाशी ओरडली, बुर्गे, काय म्हणतेस, पाऊस का? मी ऐकलं नाही असं दाखवलं. ती हललेली नाही. चादर हातात, दोरीकडे बघते, माझ्याकडे बघते.

जिन्यावर फ्रांका आहे. दिसत नाही, पण फळी करकरली आणि थांबली. श्वास धरून बसलीय.

फोन वाजतोय. टोपडं नाही, त्यामुळे फार मोठ्यानं वाजतोय.

पूर्वी नुसतं दिसायचं आणि मी सांगायची. आता खिडकीतून बघते तर दिसतं, लगेच त्याचं उलटं दिसतं, आणि त्याचंही उलटं. खाली उकिरडा तेवढा एकसारखा दिसतो.

अजून वाजतोय. एर्नानं टोपली खाली ठेवली.

सुनेला हाक मारून सांगितलं, फोन तू उचलायचा. मला विचारायला यायचं नाही. तुला जे वाटेल ते सांग त्याला.